सुनावणीचं जेवण

‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ हे वाक्य मी आजही कुठं वाचलं की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना ते ठाऊक आहे. पेपराच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत असली नोटीस आली की नवरा ती बाजू आत दुमडतो आणि मगच पेपर माझ्याकडं देतो. सगळे हसतात. हसू देत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. माहेर भोकरचं, सासर लातूरचं. आमच्या भोकर-हिमायतनगरकडं लोक ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिलो’ असं बोलतात. लातूरला आल्यावर सासरी त्यावरून माझी पुष्कळ टिंगल झाली, पण मी बोलणं बदललं नाही. राग आला की अजूनच माहेरचं तोंडात येतं. आणि राग मला लवकर येतो. सासूबाई म्हणायच्या, हिच्या नाकावर माशीला बसायला जागा नाही, तिथं आधीच राग बसलेला असतो.

माझी शाळा भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या एका गावात होती. लातूरहून एसटीनं रोज जायचं आणि यायचं. ते गाव कंत्राटात बांधून निघालं होतं. एका मापाची घरं, कागदावर पट्टी ठेवून आखल्यासारखी ओळीनं उभी. रस्ते इतके रुंद की म्हातारी माणसं विचारायची, इथून बैलगाडी जायची आहे की विमान उतरायचंय? सगळी दारं सारखीच, त्यामुळं सुरुवातीला पाहुणा हमखास भलत्याच घरात शिरायचा आणि पाणी पिऊन झाल्यावर खुलासा व्हायचा. हे सगळं लोक हसून सांगायचे. एक गोष्ट मात्र बायका हसून सांगत नसत. त्या घरांत ओटा होता, चुलीला जागा नव्हती. ज्यांनी कंत्राटाचा कागद केला त्यांच्या घरी गॅस असणार. खेड्यातली बाई कशावर रांधते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि विचारायलाही कुणी आलं नाही. मग बायकांनी घरामागं भिंतीला टेकून चुली घातल्या, वर पत्रा टाकला आणि वर्षानुवर्षं पावसापाण्यात तिथंच स्वयंपाक केला.

शाळेत दुपारचं जेवण शिजवायचं काम गावातल्या बायकांच्या बचत गटाकडं होतं. गटाची प्रमुख होती ती आक्का. सगळं गाव तिला आक्काच म्हणायचं, मीही तेच म्हणायची. उंच बाई, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडं खेळणारं पोर एका हाकेला हात धुऊन ताटावर यायचं. घर खाऊनपिऊन सुखी, स्वतःचं रान, नवरा आणि मुलगा ते कसत होते. चार पैसे मिळावेत म्हणून तिनं हे काम धरलं नव्हतं. भूकंपात तिची सासू गेली आणि थोरली लेक गेली. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. बोलायची ती ट्रकांबद्दल.

भूकंपानंतर मदतीचे ट्रक आले. पाव, पुऱ्या, बिस्किटं, कुठल्या कुठल्या शहरांतून शिजवून आणलेला भात. देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं, त्यांना मी काही म्हणणार नाही. पण ट्रक थांबायचा, मागचं फळकं पडायचं, आणि ज्या घरांतून कधी कुणी उपाशी गेलं नव्हतं त्या घरांतली माणसं ताटल्या वर करून रांगेत उभी राहायची. धाकट्या लेकराला कडेवर घेऊन आक्का त्या रांगेत उभी राहिली होती. भात गार असायचा, कधी आंबलेला असायचा. तेही चाललं असतं, असं ती म्हणायची. कोण्या बाईनं रांधलं, कसल्या हातानं रांधलं, हे माहीत नसताना लेकराच्या तोंडात घास घालायचा, हे तिला सोसलं नव्हतं. पुढं शाळेत चूल पेटायची वेळ आली तेव्हा ती सगळ्यांत आधी उभी राहिली आणि तिनं ठरवून टाकलं की या गावातलं पोर गरम खाईल आणि कोण रांधतंय ते बघून खाईल. म्हणून आमच्या शाळेची चूल मागच्या बाजूला नव्हती, वर्गांच्या समोर होती. फोडणीचा वास आला की माझा गणिताचा तास संपायचा. मी चिडायची, पण पोरांचं लक्ष खिचडीतून काढून अपूर्णांकात घालणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

आक्का आणखी एक गोष्ट फार कडक पाळायची. ती तिची एकटीची नव्हती, त्या सगळ्या भागाचीच रीत होती. जेवणाऱ्या माणसाला वाकडं बोलायचं नाही. एकदा चौथीतल्या पोरीनं दुसऱ्या पोरीचं दप्तर विहिरीजवळच्या चिखलात टाकलं होतं. मी तणतणत पंगतीत शिरले, तर आक्का पळी घेऊन मधी उभी. म्हणाली, “बाई, घास हाय तिच्या तोंडात. खाऊ द्या, मंग काय मारायचं ते मारा.” पोरगी जेवेपर्यंत माझा राग निम्मा उतरला. तेव्हा मला ती रीत फार शहाणपणाची वाटली होती. बांधावरून भांडण असलेला आक्काचा शेजारी एकदा नेमका जेवणाच्या वेळेला तिच्या दारात आला. तिनं त्याला पाटावर बसवलं, दोनदा भाकरी वाढली, हातावर पाणी घातलं, सुपारी दिली, आणि मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सगळी गल्ली ऐकायला जमली होती. जेवण झालं की बोलायचं, हा हिशेब तिच्या लेखी पक्का होता.

इकडं लातूर सगळं शिकवणीच्या मागं लागलं होतं. आमची गल्ली मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा शांत होती, दुपारी कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. बघता बघता भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो चढले. नांदेड, बीड, परभणीकडून ट्रंका आणि गाद्या घेऊन पोरं उतरायला लागली. मागून त्यांच्या आया यायच्या, खोलीत पंखा आहे का बघायच्या आणि रडत एसटीत बसायच्या. ज्यानं त्यानं घरावर मजला चढवला. आम्हीही चढवला, आम्ही काही सोवळ्यातले नव्हतो. आणि इतकी पोरं म्हटल्यावर त्यांना जेवायला लागणारच.

आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या एकानं बायकोच्या हातचे डबे देऊन सुरुवात केली. बाईच्या हाताला चव होती, मी खाल्लंय. डब्यांची मेस झाली, एका मेसच्या चार झाल्या. शहराबाहेर पत्र्याचं मोठं शेड उभं राहिलं, त्यात वाफेवर भात शिजवायची भांडी आली, पोळ्यांचं मशीन आलं, गाड्या आल्या. बाई स्वयंपाकातून केव्हाच बाजूला झाली. आधी सगळे त्याला दादा म्हणायचे, मग शेठ म्हणायला लागले. कष्टानं वर आला, हे कबूल. त्याच्या वर येण्यावर माझा राग नाही. माझा राग आहे तो त्याच्या मापाचा कपडा सरकारनं शिवला त्यावर.

एका उन्हाळ्यात कळलं की सरकारी खरेदीचे आणि कंत्राटांचे नियम बदलणार आहेत, मसुदा तयार आहे. आमच्या हेडमास्तरांनी तो नेटकॅफेतून छापून आणला. मी जन्मभर मराठी शिकवलं, पण तो मराठीतला मसुदा मला पुन्हा पुन्हा वाचावा लागला, आणि जसजसा कळत गेला तसतशी माझ्या अंगाची आग होत गेली. गावागावाला वेगळं काम देण्याची पद्धत बंद होणार होती. अख्ख्या तालुक्याचं जेवण एकाच कंत्राटात निघणार होतं. निविदा ऑनलाइन भरायची होती. अनामत रक्कम हवी, मोठ्या उलाढालीचा दाखला हवा, आणि एका छताखाली काही हजार माणसांचं जेवण शिजवल्याचा अनुभव हवा. एका छताखाली! ज्या बायकांची छतं कोसळली आणि ज्यांना कंत्राटदारानं चुलीपुरतंही छत दिलं नाही, त्यांना विचारत होते, तुम्ही एका छताखाली शिजवलंय का? आक्कानं त्या पत्र्याखाली जितकं रांधलं होतं ते अनुभवात धरायला कुठं रकानाच नव्हता. शेठकडं मात्र यातलं सगळं होतं. नुसतं होतं असं नाही, जेवढं होतं तेवढंच मागितलं होतं.

हरकत घ्यायची म्हणून मी आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या पोराकडून कॉम्प्युटर उघडून घेतला. तिथं पहिलाच प्रश्न, पुरवठादाराचा नोंदणी क्रमांक काय? गट तर पुरवठादार म्हणून नोंदलेलाच नव्हता. नोंदवायला गेलं तर उलाढालीचा दाखला मागत होते. म्हणजे ज्या अटीवर हरकत घ्यायची ती अट आधी पुरी करून या. मी स्वतःच्या नावानं लेखी हरकत द्यायला पंचायत समितीत गेले, तर साहेबांच्या दाराबाहेर बसलेल्या क्लार्कनं सल्ला दिला की मॅडम, नोकरीतल्या माणसानं यात खामखा पडू नये. मी त्याला विचारलं की माझ्या शाळेतली पोरं काय खातात यात मी पडू नये, तर पडावं कुणी? त्यानं पंख्याकडं बघितलं आणि सांगितलं की लातूर आणि नांदेड दोन्ही जिल्ह्यांसाठी नांदेडला प्रत्यक्ष सुनावणी आहे, तिथं गटाला तोंडी म्हणणं मांडता येईल.

मी गावात जाऊन बायकांना गोळा केलं आणि सरकारी खरेदी कशी चालते ते समजावून सांगितलं. बाक घ्यायचे असोत की सतरंज्या, पुरवणारा आधी नमुना दाखवतो, साहेब तो बघतात. आक्कानं विचारलं की मग आपला नमुना काय? मी म्हटलं, छोटा डबा घेऊ, साहेबांनी एकेक चमचा चाखला तरी पुरे. बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. माणसाला चमच्यानं चाखवायचं आणि वाटेला लावायचं, हे त्यांना काही पटेना. मी घाईत होते, विषय तिथंच सोडला. घोडं तिथंच पेंड खाणार होतं.

ठरल्या दिवशी टेम्पो आला तर त्यात शाळेतलं मोठं पातेलं. त्यात खिचडी. शेजारी येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या आमटीची कळशी, फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरींची चवड, शेंगदाण्याची चटणी, कांदे, स्टीलची ताटं, आणि वर सरपणाचा भारासुद्धा. मी भडकले. म्हटलं, “आपण सुनावणीला चाललोय की वऱ्हाड घेऊन निघालोय?” बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पातेलं उतरवायला सांगितलं तर एकही जागची हलेना.

वाटेत मी मुद्द्यांची उजळणी घेतली. मी लिहून आणलेलं आक्कानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, पण तिला त्यातलं एक अक्षर बोलायचं नव्हतं. ती म्हणाली, मी माझं सांगते. काय सांगणार, असं मी विचारलं. टेम्पोच्या आवाजात तिनं ते असं म्हणून दाखवलं, “साहेब, आमी ट्रकातलं खाल्लंय. आमच्या लेकरांला ट्रकातलं नगं.” माझे सगळे मुद्दे त्या दोन वाक्यांपुढं फिके होते. मी सांगितलं, आक्का, तुम्ही हेच आधी बोला, नियमांचं मी मागून बोलते. अहमदपूर मागं पडलं तेव्हा ती स्वतःशीच ते घोकत होती.

सुनावणी नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला एका सरकारी सभागृहात होती. आत गार हवा, पुढं टेबलावर मोठे साहेब आणि दोन धाकटे साहेब, समोर खुर्च्यांवर पुरवठादार मंडळी. इस्त्रीचे पांढरे शर्ट, हातात फाइली. आमचे शेठही होते. मला बघून अदबीनं नमस्कार केला, वहिनी, तुम्ही इकडं कुठं म्हणाले. नावं पुकारली जाऊ लागली. शेठनं उभं राहून सांगितलं की अनुभवाची अट चांगली आहे, मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, उलट ती आणखी कडक करावी. साहेबांनी लिहून घेतलं. असे बरेच आले, बरेच बोलले. आमचा गट यादीत तळाला. दुपार टळत आली तेव्हा साहेब म्हणाले, आता जेवून घेऊ, मग राहिलेल्या महिलांचं ऐकू.

आणि साहेबांचं जेवण आलंच नाही. जेवणाची पाकिटं पुरवायचं कामही कुणाला तरी कंत्राटानं दिलेलं होतं, आणि ती गाडी कुठं तरी अडकली होती. धाकटे साहेब फोन लावून लावून बेजार झाले. मला मनातून बरं वाटलं. खा म्हटलं आता तुमची निविदा.

पण आक्काच्या मनात तसं काही आलं नाही. तिला फक्त भुकेली माणसं दिसली. मी वळून बघते तर बायका सभागृहातून गायब. मागच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला तीन विटा मांडल्या होत्या, सरपण पेटलं होतं आणि आमटीला उकळी फुटत होती. गार वाढायचं नाही, मग ते साहेब असोत की पोरं. मी म्हटलं, आक्का, आपण भांडायला आलोय. ती म्हणाली, भांडू की, आधी जेवू घालू. आणि ताटं भरून थेट साहेबांच्या टेबलावर गेली.

साहेब संकोचले, मग वासानं विरघळले. पहिला घास खाल्ला आणि त्यांचा चेहराच पालटला. त्यांनी विचारलं की यात येसर आहे ना, माझी आई करायची. तो माणूस वाईट नव्हता, हेच तर जास्त चीड आणणारं आहे. भाकरी मोडता मोडता त्यानं स्वतःहून आक्काला सांगितलं, बोला मावशी, काय म्हणणं आहे तुमचं, जेवता जेवता ऐकतो.

आक्का पळी घेऊन समोर उभी होती. सगळा रस्ता घोकलेली दोन वाक्यं तिच्या ओठांवर होती. ती म्हणाली, “जेवा साहेब, सावकाश जेवा. मंग बोलू.”

मी खुर्चीवरून उठले. म्हटलं, साहेब, या म्हणताहेत ते असं आहे की या मसुद्यातली अनुभवाची अट… तेवढ्यात आक्कानं माझा दंड धरला. तिची पकड मला अजून आठवते. हळू आवाजात म्हणाली, “बाई, मानूस जेवायलाय.” मी म्हटलं, “अहो बोलून राहिले ना मी, आता नाही तर कधी?” तिनं दंड सोडला नाही. बाकीच्या बायकाही माझ्याकडं अशा बघत होत्या की जणू मीच वाढलेल्या ताटात माती कालवत होते. मी बसले. पाचावर पाच भाकरी गेल्या, आमटी पुन्हा वाढली गेली, धाकट्या साहेबांनी खिचडी दोनदा मागून घेतली. शेठही जेवला. त्यालाही आक्कानं आग्रह केला, त्यालाही.

मग मोठ्या साहेबांनी हात धुतले आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कलेक्टर ऑफिसात तातडीनं बोलावलं होतं. ते उभ्या उभ्याच रुमालाला हात पुसत आक्काला म्हणाले, “मावशी, तुमचं म्हणणं मला ताटातच कळालं. काळजी करू नका.” नमस्कार केला आणि गाडीत बसून गेले. आक्का हातात सुपारी घेऊन उभीच राहिली. जेवण झालं की बोलायचं, हा तिचा हिशेब होता. जेवण झाल्यावर माणूस उठून निघूनच जातो, हे तिनं आयुष्यात बघितलं नव्हतं. तिच्या दारातून असं कुणी कधी गेलं नव्हतं, तो बांधावरचा शेजारीसुद्धा नाही.

परतीच्या टेम्पोत मी तोंडाला येईल ते बोलले. साहेबांना बोलले, शेठला बोलले, आणि मग बायकांनाही बोलले. तुमच्या चांगुलपणानं तुमचा घात केला म्हटलं. रिकामं पातेलं खड्ड्याखड्ड्याला खडखडत होतं.

पुढं यथावकाश नियम लागू झाले. पंचायत समितीत मला सुनावणीचं इतिवृत्त बघायला मिळालं. आमच्या भागातून तोंडी हरकत आली नाही, उपस्थित महिला गटांनी उत्तम सहकार्य केलं, असं त्यात होतं. मी ते तिथंच मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं की सहकार्य म्हणजे काय, येसर का? कारकून गुमान खाली मान घालून बसले. त्यांचा तरी काय दोष, पण त्या दिवशी मला समोर दुसरं कुणी मिळालं नाही. तालुक्याचं कंत्राट शेठला मिळालं. एका सोमवारी शाळेच्या दारात गाडी येऊन उभी राहिली. मागचं दार उघडलं, आणि आमची पोरं ताटल्या घेऊन तिच्या मागं रांगेत उभी राहिली. वर्गांसमोरची चूल तशीच होती, थंड. खिचडी कोमट, कधी त्याहून गार. उन्हाळ्यात तिला आंबूस वास यायचा. पोरं खायची, काही टाकायची. आता माझा गणिताचा तास कुणी मोडत नव्हतं.

आणि मग मला कळलं की आक्का शेठच्या स्वयंपाकघरात कामाला गेली. तिच्या सुनेनंच सांगितलं. रान होतं, घर भरलेलं होतं, मुलगा नको नको म्हणत होता, तरी लातुरात भाचीकडं राहून ही बाई शेडमध्ये जायला लागली. हे ऐकल्यावर मला जो संताप आला तो नियमांचाही आला नव्हता. ज्यानं चूल विझवली त्याच्याच दारी चाकरी? मी ठरवलं, तोंड बघायचं नाही. कितीतरी महिने मी त्या शेडच्या रस्त्यानं गेले नाही. पण शाळेत रोज ती गाडी यायची आणि रोज माझं पित्त खवळायचं. शेवटी एका सकाळी एसटी सोडून दिली आणि रिक्षा करून सरळ शेडवर गेले.

आत वाफच वाफ. डोक्याला प्लास्टिकच्या टोप्या घातलेल्या बायका. आक्का मोठ्या भांड्याशी उभी होती, टोपीखालून गोंदण दिसत होतं. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिनं काही न विचारता ताट घेतलं, त्यात वाफाळती खिचडी वाढली आणि पुढं केली.

मी म्हटलं, “नाही. मी आधी बोलते. एकदा घास तोंडात गेला की तुमचं पुन्हा सुरू होईल.”

आणि उभ्यानंच सगळं बोलले. ही खिचडी गावात पोचते तेव्हा गार असते. आंबते. पोरं टाकतात. तुमचा नातू गाडीच्या मागं ताटली वर करून उभा असतो, तुम्ही ट्रकामागं उभ्या होतात तसाच. आणि तुम्ही इथं यांच्या टोप्या घालून बसल्यात. बाकीच्या बायकांचे हात थांबले होते. आक्का ताट हातात धरून ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं टोपी जरा मागं सारली.

“ठाव हाय बाई,” ती म्हणाली. “सूनबाई सांगती. गार हाय, आंबूस हाय. पर ह्या भांड्याला मी दुसरीचा हात लावू देत न्हाई. आपल्या गावच्या गाडीत हेच जातंय. तवा कुणी रांधलं ते लेकराला सांगता येत नव्हतं. आता नातवाला तर ठाव हाय, कुणी रांधलं.”

मागं गाडी लागली होती, डबे चढत होते, ड्रायव्हर घाई करत होता. आक्कानं ताट पुन्हा माझ्यापुढं धरलं आणि म्हणाली, झालं ना बोलून, आता जेवा. मी पोत्यावर बसले आणि घास घेतला. खिचडी गरम होती, जीभ पोळेल इतकी गरम, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला.